मेंदूच्या संशोधनाला पिढ्यांची मुदत हवी

सन १९०६ च्या नोव्हेंबर महिन्यात जर्मनीतील ट्युबिंगेन येथे भरलेल्या एका सभेत आलोइस आल्झायमर ह्या मनोविकारतज्ज्ञाने, पन्नाशीच्या आरंभीच स्मृती आणि विवेक गमावून बसलेल्या व त्याच वर्षी रुग्णालयात निवर्तलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली काय आढळले त्याचे वर्णन केले. आणि जमलेल्या विद्वानांना त्यात विशेष काही आहे असे वाटले नाही. त्याच वर्षी आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी, १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोगादाखल सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण साऱ्या राज्यास लागू केले, आणि मुलींना त्यातून वगळले नाही. ह्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध पोहोचत असेल, ही कल्पना त्या काळी कोणाच्या मनास शिवणे शक्य नव्हते. आज तो संबंध आकड्यांनिशी सांगता येतो. भारतातील वृद्धांच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे साठीपुढील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, आणि हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत व शिकलेल्यांपेक्षा शाळेचे तोंड न पाहिलेल्यांत अधिक आहे. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी चौदा कारणे सांगितली, त्यांतही बालपणी शिक्षण न मिळणे हे एक आहे.

म्हणजे ज्या हुकमाने बडोदे राज्यातील एखादी सात-आठ वर्षांची मुलगी पाटी घेऊन शाळेत जाऊन बसली, त्या हुकमाने तिच्या सत्तरीतल्या स्मृतीचीही काही अंशी तजवीज केली होती. मात्र हे कळण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. मेंदूच्या बाबतीत कारण आणि कार्य ह्यांच्यामधले अंतर असे एका मनुष्याच्या आयुष्याएवढे, आणि पुष्कळदा दोन-तीन पिढ्यांएवढे असते. म्हणून ज्यास मनोविकार, स्मृतिभ्रंश आणि मेंदूतील आनुवंशिकता ह्यांचा अभ्यास करावयाचा आहे, त्यास आयुष्यभराची स्थिरता लागते, आणि ज्या समाजात तो अभ्यास करतो त्या समाजाने त्यास आपल्या घराची खरी हकिकत सांगावी लागते. पहिली गोष्ट सरकारच्या आणि विद्यापीठाच्या हातची आहे, दुसरी तुमच्याआमच्या हातची. बडोद्याने ह्या दोन्ही गोष्टी केल्या पाहिजेत, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

अशा संशोधकाचे आयुष्य कसे असते ह्याचे उदाहरण मराठी वाचकास दूर शोधावे लागत नाही. डॉ. दिलीप जेस्ते ह्यांनी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे व मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतले. सत्तरच्या दशकात ते अमेरिकेस गेले. तेथे मनोविकारशास्त्राच्या जोडीला त्यांनी मज्जासंस्थेच्या विकारांचेही रीतसर शिक्षण घेतले, काही वर्षे तेथील सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत संशोधन केले, आणि १९८६ साली कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोच्या विद्यापीठात ते रुजू झाले. पुढली सुमारे साडेतीन दशके ते त्याच ठिकाणी होते. १८४४ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्षपद २०१२ साली त्यांच्याकडे आले. आशियाई वंशाच्या व्यक्तीस हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते हे पद नव्हे. एकाच ठिकाणी, एकाच प्रश्नाशी इतकी वर्षे राहिल्याने काय साधले, ते पाहण्यासारखे आहे.

मनोविकारावरील जुनी औषधे दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णांत एक उपद्रव उद्भवतो. जीभ आपोआप तोंडाबाहेर येते आणि आत जाते, ओठ काही चघळत असल्यासारखे हलत राहतात, गाल फुगतात, हातापायांची बोटे क्षणभर स्थिर राहत नाहीत. आणि औषध थांबवले तरी पुष्कळांच्या बाबतीत हा चाळा कायमचा राहतो. घरातल्या माणसांना ते वेडाचेच लक्षण वाटते, आणि चारचौघांत बसलेल्या रुग्णाला लाजेने मान खाली घालावी लागते. जेस्ते व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम व उतार वयाच्या २६६ रुग्णांची वर्षानुवर्षे नियमाने तपासणी केली. १९९५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांप्रमाणे पहिल्या वर्षाच्या अखेरीस चौथ्या हिश्शाहून थोड्या अधिक रुग्णांत, आणि तीन वर्षांच्या अखेरीस निम्म्याहून अधिक रुग्णांत हा उपद्रव दिसला. तरुणांना सोसणारी मात्रा वृद्धांना घातक ठरते, ही गोष्ट ह्या मोजदादीने निर्विवाद झाली. ज्या रुग्णास आज औषध लिहून दिले तो तीन वर्षांनी पुन्हा त्याच दारी येईल, त्याचे दप्तर तेथे जपलेले असेल, आणि ते दप्तर वाचणारा मनुष्यही तेथेच असेल, ह्या तिन्ही गोष्टींची शाश्वती असल्यावाचून असे काम उभे राहत नाही. ह्याच चिकाटीने त्यांनी स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वृद्ध होतात तेव्हा त्यांचे काय होते ते पाहिले, आणि शरीर खालावत असतानाही त्यांच्यातील अनेकांची मानसिक स्थिती वयाबरोबर सुधारते, असा आशादायक निष्कर्ष काढला. उत्तरायुष्यात ते शहाणपण म्हणजे काय, आणि मेंदूच्या कोणत्या व्यापारांवर ते उभे असते, ह्या विषयाकडे वळले. आणि २००८ साली एका सहकाऱ्यासह त्यांनी भगवद्गीतेतील शहाणपणाच्या कल्पनेची आधुनिक कल्पनांशी तुलना करणारा निबंध लिहिला. पुण्यामुंबईत घडलेल्या बुद्धीला एवढा अवकाश सातासमुद्रापार मिळाला ह्याचा अभिमान वाटतो, आणि तो येथे मिळाला नाही ह्याची खंतही वाटते.

येथे असे काम होऊच शकत नाही असे मात्र कोणी समजू नये. बडोद्याहून आगगाडीने दोन-अडीच तासांच्या अंतरावरील सुरतेत १९२५ साली जन्मलेले डॉ. नोशीर वाडिया ह्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभारला. तोल जाणे, पावले अडखळणे आणि बोलणे जडावणे ह्या तक्रारी घेऊन येणाऱ्या काही रुग्णांत त्यांना एक वेगळीच खूण दिसली. एका बाजूचे बोट पाहून झाल्यावर दुसऱ्या बाजूचे पाहा असे सांगितले असता निरोगी माणसाची नजर क्षणार्धात उडी घेते. ह्या रुग्णांची बुबुळे मात्र संथपणे सरकत जात, आणि पुष्कळजण डोळ्यांऐवजी मानच वळवीत. वाडियांनी ही खूण नुसती टिपली नाही. रुग्णांच्या भावंडांना, आईबापांना, काका-आत्यांना गाठून त्यांच्या वंशावळी त्यांनी तयार केल्या, आणि १९७१ साली आर. के. स्वामी ह्यांच्यासह नऊ कुटुंबांची हकिकत 'ब्रेन' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध करून हा एक स्वतंत्र आनुवंशिक विकार असल्याचे प्रतिपादन केले. त्यास कारणीभूत असलेला जनुक १९९६ साली सापडला. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा गरजेहून अधिक वेळा पुन्हा पुन्हा येतो; पुढल्या पिढीत त्याची संख्या वाढू शकते आणि ती वाढली की विकार कमी वयातच दिसू लागतो. १९९८ साली वाडियांनी सहा भारतीय घराण्यांत ह्या जनुकाची आणि संथ नजरेच्या त्या खुणेची सांगड घालून दाखविली. पहिल्या आणि दुसऱ्या निबंधांत सत्तावीस वर्षांचे अंतर आहे. सत्तरी ओलांडलेले वाडिया तेव्हाही त्याच प्रश्नावर काम करीत होते.

आता जनुकांच्या अभ्यासाला नवी साधने मिळाली आहेत, आणि म्हणूनच आपल्याकडील उणीव अधिक जाणवू लागली आहे. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारा 'एपीओई' जनुकाचा एक प्रकार १९९३ साली अमेरिकेत ओळखला गेला. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील खेड्यांत आणि अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात एकाच पद्धतीने पाहणी केली, तेव्हा बल्लभगढच्या लोकांत हा प्रकार कमी आढळला व त्या रोगाचे प्रमाणही कमी दिसले. मात्र ज्यांच्या ठायी तो होता त्यांच्या बाबतीत त्याचा प्रभाव दोन्हीकडे सारखाच होता. ही तुलना आपल्या देशातील माणसे अभ्यासात असल्यामुळेच करता आली. उलट, स्किझोफ्रेनियाशी निगडित अशी २८७ स्थाने दाखविणारा जो मोठा जागतिक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यातील बहुसंख्य व्यक्ती युरोपीय वंशाच्या होत्या. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातील डॉ. स्मिता देशपांडे, दिल्ली विद्यापीठातील डॉ. बी. के. थेलमा आणि पिट्सबर्ग विद्यापीठातील डॉ. विश्वजित निमगावकर ह्यांनी भारतीय कुटुंबांतील ह्या विकाराच्या आनुवंशिकतेवर जे काम एकत्र मिळून केले, त्याचे मोल अशा वेळी कळते. गुजरातेपुरते बोलावयाचे तर अहमदाबादच्या संशोधकांनी टे-सॅक्स ह्या बालकांच्या मेंदूचा घात करणाऱ्या रोगात, गुजराती कुटुंबांमध्ये एकाच जनुकातील एकच विशिष्ट बदल वारंवार आढळतो असे दाखवून दिले आहे. जातीत आणि पोटजातीत सोयरीक करण्याची वहिवाट शतकानुशतके चालत आल्याने अशा खुणा आपल्या घराण्यांत टिकून राहतात. बडोद्यात तर गुजराती समाजाच्या शेजारी, गायकवाडांच्या स्वाऱ्यांबरोबर आलेली मराठी घराणी दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी ह्या भागांत पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. मेंदूच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्यास ह्याहून अधिक अर्थपूर्ण क्षेत्र क्वचितच मिळेल.

परंतु ह्या घराण्यांपाशी गेल्यावर संशोधकास काय ऐकावयास मिळते? वंशावळ जपण्यात आपण कधी कसूर केली नाही. इनाम, वतन, वर्षासन ह्यांवरील हक्क शाबीत करण्यासाठी सात-सात पिढ्यांच्या वंशावळी दरबारच्या दप्तरात दाखल होत आणि त्यांत एक नावही गाळून चालत नसे. त्याच वंशावळीतील माणसांच्या आजारांविषयी विचारले की मात्र सांगणारे थबकतात. एक चुलते 'तरुणपणीच घर सोडून गेले' एवढेच कळते. एका आत्याचे लग्न 'जमलेच नाही'. आजीला 'शेवटी शेवटी म्हातारचळ लागला होता, पण ते काय, वयच झालं होतं'. एखाद्या भावाचे नाव घेताच मधली सून चहाचे निमित्त करून उठते आणि विषय तेथेच संपतो. खेदाची गोष्ट अशी की, बडोदे राज्याच्या खानेसुमारीत वेडे, मुके-बहिरे, आंधळे व महारोगी ह्यांची मोजदाद होत असे. सरकारी कारकुनाला आपल्या पणजोबांनी जे सांगितले ते आज आपण डॉक्टरांना सांगावयास तयार नसतो.

ह्या मौनामागची भीती मी क्षुल्लक मानीत नाही. घरात एकाला वेड लागले असे कळले की मुलींच्या सोयरिकी अडतात, हा अनुभव घराघरांतला आहे, आणि ज्या आईने तो सोसला तिला खरे बोलण्याचा उपदेश करणे सोपे नाही. तरीही दोन गोष्टी तिच्यापर्यंत पोहोचल्या पाहिजेत. जनुक म्हणजे ललाटलेख नव्हे. एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्या भावंडांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला तरी दुसऱ्याला तो न होण्याचा संभव निदान निम्मा असतो, आणि ज्या शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा मिळून हा धोका बनतो ते तुमच्याआमच्या सगळ्यांच्याच घरांत असतात. दुसरे असे की, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्याचा हक्क ठरविला आहे, आणि संशोधनासाठी त्याची संमती आवश्यक केली आहे. कायद्याचे हे संरक्षण कागदावर न राहता प्रत्यक्ष अंमलात येईल, अशी हमी संस्थेने प्रत्येक कुटुंबास लेखी दिली पाहिजे. कारण विश्वास एकदा मोडला की पुढल्या पिढीचेही दार बंद होते.

संशोधकाची पोटापाण्याची तरतूद आणि समाजाचे सहकार्य ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी का लागतात, हे बडोद्याच्या इतिहासानेच आपल्याला शिकविले आहे. सयाजीराव महाराज होतकरू तरुणांना परदेशी पाठवीत, आणि परतल्यावर ठराविक मुदत राज्याची चाकरी करावी असा करार करून घेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली अशीच शिष्यवृत्ती मिळाली आणि दहा वर्षांच्या चाकरीचा करार झाला. १९१७ साली ते बडोद्यास आले, तेव्हा दरबारात त्यांच्यासाठी नेमणूक होती. परंतु अस्पृश्य म्हणून ह्या शहराने त्यांना राहावयास घर दिले नाही, आणि थोड्याच दिवसांत त्यांना परत जावे लागले. तो अन्याय आणि आजच्या संशोधकाच्या अडचणी ह्यांची बरोबरी कोणी करू नये. तशी बरोबरी करणे त्या अन्यायाला हलके लेखणे होईल. मात्र खजिना उघडा असला तरी समाजाने दार लावून घेतले की विद्वत्ता त्या भूमीत रुजत नाही, हा त्यातून निघणारा धडा ह्या शहराने कधीही विसरता कामा नये.

ह्यावर कोणी म्हणेल की, जेथे रुग्णाला वेळेवर मनोविकारतज्ज्ञ भेटत नाही तेथे संशोधनावर खर्च कशाला? आक्षेप कळकळीचा आहे, पण तो उपचार आणि संशोधन ह्यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानतो. वृद्धाला कोणते औषध किती मात्रेत द्यावे, हे जेस्त्यांच्या नोंदवह्यांवाचून कळले नसते. गोव्यात डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरी प्रशिक्षित साहाय्यक पाठवून त्याची काळजी वाहणाऱ्यांना आधार दिला, आणि त्याने त्यांच्या मनावरचा ताण खरोखर हलका होतो का हे शास्त्रीय कसोटीवर तपासून २००८ साली प्रसिद्ध केले. तेथे तर सेवा हाच संशोधनाचा विषय होता. आणि दीर्घ मुदतीची पाहणी आपल्या खेड्यांत निभत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांचे काम पाहावे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली त्यांनी सुरू केलेल्या पाहणीत, जन्मापूर्वीपासून ज्यांची नोंद आहे ती मुले आज तरुण झाली आहेत, आणि आईच्या गर्भारपणातील 'बी-१२' जीवनसत्त्वाचा मुलाच्या बुद्धीच्या वाढीशी काय संबंध पोहोचतो, हेही त्यातून तपासता आले. त्या सहा गावांनी तीन दशके दिलेली साथ हे त्या संशोधनाचे खरे भांडवल आहे.

बडोद्यात ह्यासाठी नव्याने इमारती उभारण्याची गरज नाही. १९४९ साली सुरू झालेले मेडिकल कॉलेज व त्यास जोडलेले सर सयाजीराव रुग्णालय, कारेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालय, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा जीवरसायनशास्त्र विभाग ही सर्व ठिकाणे एकाच शहरात, रिक्षाने अर्ध्या तासात गाठता येतील अशी आहेत. त्यांना बांधून ठेवणारी योजना हवी. तीत तीन गोष्टींचा समावेश असावा. पहिली, मनोविकार व स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या कुटुंबांची, त्यांच्या संमतीने आणि नावे गुप्त ठेवून, निदान वीस वर्षे चालेल अशी नोंदणी. दुसरी, ह्या कामासाठी नेमलेल्या तरुण डॉक्टर-संशोधकांना कायम पदे. कारण आपल्याकडील संशोधन प्रकल्प बहुधा तीन वर्षांचे असतात, पहिले वर्ष मंजुरी आणि खरेदीत जाते, तिसरे वर्ष पुढल्या अर्जाच्या चिंतेत जाते, आणि रुग्णांची ओळख होते न होते तोच नोकरीची मुदत संपते. तिसरी, मृत्यूनंतर मेंदूचे दान करण्याची सोय. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेत १९९५ पासून अशी मेंदूपेढी आहे. नेत्रदानाचा संकल्प करणारी शेकडो कुटुंबे ज्या शहरात आहेत, तेथे ह्या दानाची माहिती आणि नमुना सुखरूप पोहोचविण्याची व्यवस्था झाली तर माणसे मागे राहणार नाहीत, असा मला विश्वास आहे. आल्झायमरने ज्या स्त्रीचा मेंदू तपासला तिच्यामुळे साऱ्या जगाला एका रोगाची ओळख पटली, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या दानाची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही.

सरकारची मंजुरी मिळेल तेव्हा मिळो. आपल्या वाट्याचे काम आजच सुरू करता येण्याजोगे आहे. ज्यांच्या घरात आजी-आजोबा आहेत त्यांनी त्यांच्यापाशी बसून आपल्या घराण्याची वंशावळ पुन्हा लिहावी, आणि ह्या वेळी इनामाच्या हक्कासाठी न लिहिता पुढल्या पिढीच्या आरोग्यासाठी लिहावी. ज्यांची नावे हळू आवाजात घेतली गेली त्या चुलत्यांची, आत्यांची, मामांची नावे तीत मोकळेपणाने यावीत, त्यांना काय झाले होते आणि कोणत्या वयात झाले होते तेही यावे. असा कागद घरात असला तर उद्या विस्मरणाची तक्रार घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या मुलाला डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. आणि विद्यापीठाने नोंदणी उघडलीच, तर पहिल्या दिवशीच तेथे शेकडो खऱ्या वंशावळी दाखल होतील. ज्या राजाने मुलींना शाळेत बसविताना फळाची घाई केली नाही, त्याच्या नगरीला एवढा धीर आणि एवढी सचोटी खचित शोभून दिसेल.